रडता रडता श्वास कोंडून निळा पडतो, आणि आता सासूबाईंनीच धसका घेतलाय

चिऊकाऊ, पिंपरी-चिंचवड

नमस्कार, बरेच महिने इथे नुसतं वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या. मुलगा १६ महिन्यांचा आहे. तसा मस्त आहे, चालतो, पळतो, दिवसभर बडबड. पण दिवाळीनंतर एक वेगळंच सुरू झालंय. हातातलं काही काढून घेतलं किंवा कुठे आपटला की रडताना एक मोठा सूर लावतो आणि तिथेच अडकतो. तोंड उघडं, आवाज नाही, श्वास आत घेतच नाही. ओठ निळे पडतात, डोळे वर जातात, अंग कधी ताठ तर कधी एकदम लोळागोळा. अर्धा मिनिट असेल फार तर, पण त्या अर्ध्या मिनिटात आपण काय काय विचार करतो ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. मग एक श्वास घेतो, जरा मलूल पडतो, आणि थोड्या वेळात परत गाड्या घेऊन खेळायला हजर.

डॉक्टरांना दाखवलं. मोबाईलवरचा व्हिडीओ बघून ते म्हणाले ब्रेथ होल्डिंग स्पेल, म्हणजे रडताना श्वास कोंडणं आहे, फिट नाही, मोठा झाला की जाईल, घाबरू नका. रक्त तपासायला सांगितलंय. बाहेर गर्दी, आत हा रडतोय, आम्ही बरं म्हणून उठलो आणि घरी आल्यावर सगळे प्रश्न सुचले. रक्ताची तपासणी अजून केलेली नाही कारण सुई टोचली की हा रडणार आणि रडला की परत तेच.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. मी आणि नवरा दोघं नोकरी करतो, दिवसभर सासूबाई सांभाळतात. त्यांच्यासमोर पहिल्यांदा झालं तेव्हा त्या एकट्याच होत्या घरात. तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतलाय. तो रडायच्या आत मागेल ते देतात, रिमोट, मोबाईल, चहात बुडवून बिस्किट, आणि रडायला लागलाच तर धावत जाऊन तोंडात काहीतरी कोंबतात. दुपारची झोप गेली, रात्रीची पण गेली, भजनी मंडळ बंद. परवा म्हणाल्या, माझ्या हातात असताना याला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू. नवरा चिडून बोलून गेला की मग पाळणाघरातच टाकू, ते त्यांनी ऐकलं. आता घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही.

तर विचारायचंय की त्या वेळी नेमकं करायचं काय? ईईजी (मेंदूचा आलेख) वगैरे करून घ्यावं का? आणि त्याला कधीच रडू द्यायचं नाही हे किती दिवस चालणार? सासूबाईंना कसं समजावू?


अण्णा_सातारा

कांदा फोडून नाकाशी धरा आणि तोंडावर गार पाण्याचा सपका मारा, लगेच श्वास घेतो. आमच्या घरात पोरं अशीच वाढली. हल्लीच्या आया फार घाबरट. आणि दृष्ट काढा एकदा, त्यात काही जात नाही.


रानजाई

अण्णा, कांद्याने श्वास येत नाही हो, तो आपोआपच येणार असतो, तेवढ्यात आपण कांदा धरलेला असतो म्हणून श्रेय कांद्याला जातं. चपलेचा वास, चावी, सगळ्याचं तेच. आणि पाण्याचं मात्र खरंच नको, बेशुद्ध मुलाच्या नाकातोंडात पाणी गेलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं.

चिऊकाऊ, माझी लेक दोन वर्षांची होईपर्यंत असंच करायची, त्यामुळे तुझं वाचताना सगळं डोळ्यापुढे आलं. आधी एक गोष्ट पक्की धर की मूल हे मुद्दाम करत नाही. हट्टी मुलं करतात, लाडावलेली करतात असं बोलणारे भरपूर भेटतील, त्यांना नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. रडताना फुप्फुसातली हवा सगळी बाहेर जाते आणि पुढचा श्वास आत घ्यायची क्रियाच काही क्षण होत नाही, ते त्याच्या हातात नसतं. ऑक्सिजन कमी झाला की शुद्ध हरपते, आणि शुद्ध हरपली की शरीर स्वतःच श्वास सुरू करतं. म्हणजे बेशुद्ध होणं हे आपल्याला सगळ्यात भयानक वाटतं पण तिथूनच सुटका सुरू होते. काही मुलांना त्यात दोन-चार झटके पण येतात, त्यामुळे बघणाऱ्याला आकडीच वाटते. साधारण ६ महिने ते ६ वर्षं या वयात दिसतं, बहुतेकांचं पहिल्यांदा दीड वर्षाच्या आत होतं, आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं.

त्या वेळी काय करायचं तर फार काही करायचं नाही, आणि हेच सगळ्यात अवघड असतं. खाली जमिनीवर किंवा सतरंजीवर कुशीवर निजवायचं, आजूबाजूला टोकदार काही असेल ते सरकवायचं, आणि मनात आकडे मोजायचे. मोजायचं अशासाठी की आपल्याला तो वेळ फार लांब वाटतो, मोजलं की कळतं पंचवीस-तीसच झाले. उभं धरून ठेवायचं नाही, वर उडवायचं नाही, पाठीत धपाटे नाही, आणि गदागदा हलवायचं तर अजिबात नाही, एवढ्या लहान मुलाला जोरात हलवल्याने मेंदूला इजा होऊ शकते. तोंडात बोट घालायचं नाही. मिनिट होऊनही श्वास आलाच नाही तर मात्र १०८ ला फोन आणि सीपीआर (छाती दाबून, तोंडाने श्वास देणं), आणि तो घरातल्या मोठ्यांनी एकदा शिकून घ्यावाच, या प्रकारात लागत नाही सहसा पण लहान मूल घरात आहे म्हटल्यावर शिकायला निमित्त कशाला हवं.

आता रडू द्यायचं की नाही. बघ, तो दमलाय, भुकेला आहे, झोपेला आलाय अशा वेळी होण्याचं प्रमाण जास्त असतं, तर त्या वेळा सांभाळायच्या, लक्ष दुसरीकडे वळवायचं ते सूर लागायच्या आधी. पण एकदा रिमोट नाही म्हटलं की नाही. झाल्यानंतर जवळ घ्या, कुरवाळा, पण रिमोट द्यायचा नाही. स्पेल तो मुद्दाम करत नसला तरी रडलं की घर हललं हे त्याला नक्की समजतं, १६ महिन्यांचा म्हणजे काही लहान राहिला नाही तो!


साधा_माणूस

रानजाई यांनी छान लिहिलंय, त्यात एक भर घालतो कारण आमच्याकडे दुसरा प्रकार होता. मुलगी रडायची नाहीच. डोक्याला टपली लागली, अचानक दचकली, की एक हुंकार आणि पांढरीफटक होऊन खाली. निळी नाही, पांढरी. यात नाडी काही क्षण एकदम मंदावते म्हणे. हा प्रकार कमी आढळतो आणि यात डॉक्टर ईसीजी (हृदयाचा आलेख) हमखास काढतात, कारण हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत दोष असेल तर तो यात लपून जाऊ शकतो. आमच्या डॉक्टरांनी विचारलं होतं की घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, कुणाला झोपेतून दचकून उठल्यावर किंवा पोहताना-पळताना चक्कर येते का. ईसीजी दहा मिनिटांत झाला, साधा कागद, नॉर्मल आला आणि आम्ही त्या दिवशी बाहेर जेवूनच घरी आलो.

तुमच्या मुलाचं वर्णन निळ्या प्रकारात बसतंय, तरी डॉक्टरांना ईसीजीबद्दल विचारा, विचारायला लाजू नका. ईईजी मात्र सरसकट लागत नाही. रडणं, लागणं, घाबरणं असलं काहीच कारण नसताना झालं, झोपेत झालं, मिनिटापेक्षा जास्त चाललं, किंवा नंतर बराच वेळ मूल गुंगीत राहिलं, ओळखेना, तर मात्र गोष्ट वेगळी, थांबू नका. व्हिडीओ काढून ठेवलात हे फार चांगलं केलंत, न्यूरोवाल्याकडे गेलात तरी पहिलं तेच मागतील.

अजून एक गंमत म्हणजे आमच्या आईला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, तू पण असाच होतास. घराण्यात असतं बऱ्याच जणांच्या. तुमच्या सासूबाईंना नवऱ्याच्या लहानपणाबद्दल विचारून बघा एकदा.


सुईदोरा

मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे, ड्युटी संपवून लिहितेय, शुद्धलेखन बघू नका.

आधी रक्त तपासा. ताई हे पुढे ढकलू नका. श्वास कोंडण्याचा आणि लोह कमी असण्याचा संबंध चांगला माहीत असलेला आहे, लोह भरून काढलं की बऱ्याच मुलांचं श्वास कोंडणं कमी होतं, काहींचं बंदच होतं. याच्यावर कोक्रेनवाल्यांचा, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, २०१० चा आढावा पण आहे. आणि मूल गुटगुटीत आहे म्हणजे रक्त भरपूर आहे असं काही नसतं. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. दहात जवळपास सात. या वयात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी. डॉक्टरांना फेरिटिन पण लिहायला सांगा, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती तो कळतो.

सुई टोचताना झालं तर होऊ दे, उलट दवाखान्यात झालं तर बरंच, आजूबाजूला माणसं असतात. आधी सांगून ठेवा की याला असं होतं. आडवं ठेवून घेतील. लहान मुलांचं रक्त रोज घेणारी जागा निवडा, कोपऱ्यावरची लॅब नको.

दुसरं, दूध आणि चहा. तुमच्या लिहिण्यात चहात बुडवलेलं बिस्किट वाचलं आणि तिथेच थांबले. चहा लोह शोषूच देत नाही. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर तेही आड येतं, शिवाय पोट भरल्यामुळे मूल जेवत नाही, मग आपण म्हणतो जेवत नाही म्हणून अजून दूध, हे चक्र मी रोज बघते. नाचणी, अळीव, डाळी, हिरव्या पालेभाज्या, खात असाल तर अंडं, मासे, कलेजी, आणि वर लिंबू पिळायचं म्हणजे लोह नीट लागतं. लोखंडी कढईत भाजी करा. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं हे डोक्यातून काढा, बीटात एवढं काही नसतं. पण ताई एकदा कमी झालेलं नुसत्या खाण्याने भरून येत नाही, औषध लागतंच. आशाताई जे सिरप देतात आठवड्यातून दोनदा १ मिलि, ते कमी पडू नये म्हणून आहे, कमी पडलंय त्याचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरच ठरवणार.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात तातडीचं. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात काहीही कोंबू नका. काहीही. रडताना मूल दम खेचतं तेव्हा बिस्किटाचा तुकडा, शेंगदाणा, फुटाणा थेट श्वासनलिकेत जातो. श्वास कोंडणं आपोआप सुटतं, घशात अडकलेला शेंगदाणा सुटत नाही. शेंगदाणा अडकलेली मुलं आमच्याकडे येतात, दुर्बीण घालून काढावा लागतो. तोंडात समोर काही दिसत असेल तर तेवढं काढा, पण न दिसता बोट घालून चाचपू नका, आत ढकललं जातं. आणि खाताना ठसका लागून आवाज बंद झाला तर तिथे कुशीवर निजवून वाट बघत बसायचं नाही, तिथे पालथं धरून दोन खांद्यांच्या मध्ये ५ थापा, मग वर्षाच्या पुढचं मूल असेल तर मागून धरून पोटावर ५ दाब, आणि निघेपर्यंत आलटून पालटून. सासूबाईंना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे नीट सांगा, त्यांचा गोंधळ तिथेच होत असणार.


अण्णा_सातारा

बरं बाई, कांदा राहू दे. दृष्टीला तरी हरकत नाही ना?


रानजाई

काढा की अण्णा. फक्त मिरच्या-मोहरीचा धूर पोराच्या नाकात जाऊ देऊ नका आणि तापलेला तवा जमिनीवर ठेवू नका, पळतं पोरगं आहे.


डोंबिवलीची_आज्जी

अगं बाळा, सगळे तुझ्या मुलाबद्दल लिहितायत आणि बरोबरच लिहितायत पण मी तुझ्या सासूबाईंबद्दल लिहिते कारण मी पण तीच आहे, दोन नातवंडं सांभाळते, सकाळी आठ ते संध्याकाळी सात.

तुम्ही लोक म्हणता आई घाबरट झाल्यात. अगं, आपलं मूल आपल्या हातात असताना पडलं तर ते पडलं. सुनेचं मूल आपल्या हातात पडलं तर आपण पाडलं. कुणी तोंडाने म्हणत नाही, पण संध्याकाळी सून आल्या आल्या पोराच्या गुडघ्याकडे बघते ते आम्हाला दिसतं. आमच्या मुलाने तर हॉलमध्ये कॅमेरा बसवला, म्हणे तुमच्या सोयीसाठी. माझ्या कसल्या सोयीसाठी रे? तेव्हापासून मी नातवाला घेऊन स्वयंपाकघरातच बसते. तुझा नवरा पाळणाघराचं बोलला ते रागाने असेल पण तिला ते निकालासारखं लागलंय, की तू नापास. पाळणाघरात घालायचं तर खुशाल घाला, त्यात वाईट काही नाही आणि तिलाही थोडं मोकळं मिळेल, पण ते तिच्यासमोर बसून बोला आणि ती नालायक म्हणून नाही तर तिला विसावा म्हणून.

आणि समजावू कसं विचारतेस, तर तू समजावूच नकोस. सुनेने समजावलेलं सासूला पटलंय असं मी तरी अजून बघितलं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा तिला बरोबर ने आणि खुर्चीवर तिला बसव, तू मागे उभी राहा. तिचे प्रश्न तिला विचारू दे. तुला वाटतं तिला काय भीती वाटते ते तुला माहीत आहे, मला वाटतं नाही माहीत. डॉक्टरांनी तिच्या तोंडावर सांगू दे की झालं तर हे करा, आणि तुमच्यामुळे होत नाही.

घरी एक कागद लिहून फ्रिजवर लाव मोठ्या अक्षरात. कुशीवर निजवा, मोजा, साठ झाले तर १०८, मग सूनबाईंना फोन. शेजारीण, कामवाल्या मावशी, सगळ्यांना दाखव तो. आम्हाला त्या वेळी काही सुचत नाही, भिंतीवर लिहिलेलं असलं की बरं पडतं. आणि संध्याकाळी आल्यावर चहा टाकायच्या आधी पोराला तुम्ही घ्या आणि तिला बाहेर घालव, भजनाला जायचंय तर नवऱ्याने स्कूटरवर सोडून यावं. एवढ्याने झोप आली तर ठीक. नाहीच आली, छाती धडधडते, सारखं रडू येतं असं असेल तर तिचं बीपी-शुगर बघून घे आणि तिच्या मनाचंही कुणाला तरी दाखव. मनाच्या तक्रारींसाठी सरकारचा टेलि-मानस म्हणून फोन आहे १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलतात. मी केला होता एकदा, हे गेल्यानंतर. त्यात लपवण्यासारखं काही नाही.


चिऊकाऊ

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, मधे ऑफिसात फार धावपळ होती.

रक्त तपासलं. सुई टोचली तेव्हा सूर लावला, निळा पण पडला, तिथल्या ताईंनी आडवं धरून ठेवलं आणि बाकी कुणी काही विशेष केलंच नाही, जरा वेळात उठून बसला. ते सासूबाईंनी बघितलं. मला वाटतं दहा वेळा सांगून झालं नसतं ते त्या तेवढ्यात झालं. हिमोग्लोबिन ८.९ आलं, फेरिटिन पण बरंच खाली. सिरप सुरू केलंय. ईसीजी काढला, नॉर्मल.

आज्जी, तुमचं वाचून त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? झोपेत झालं तर मला कसं कळेल. त्या रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून जाग्या राहायच्या आणि आम्हाला दोघांना याचा पत्ताच नाही, आम्ही शेजारच्या खोलीत घोरतोय. डॉक्टरांनी सांगितलं हे रडण्या-लागण्याशिवाय होत नाही, झोपेत होत नाही, झोपा तुम्ही. त्या रात्री खरंच झोपल्या. सकाळी चहा मी केला.

नवऱ्याने सॉरी म्हटलं नाही, त्याच्या स्वभावात नाही, पण गुरुवारी भजनाला सोडायला गेला. पाळणाघराचं असं ठरलंय की अर्धा दिवस, जून महिन्यापासून, सोसायटीतलंच, आणि ते बघायला सासूबाई पण येणार आहेत. आणि साधा_माणूस, तुमचा अंदाज बरोबर, नवरा पण लहानपणी असाच निळा पडायचा, त्याच्या आजीने चपलेचा वास दिला होता म्हणे!

रिमोटचं अजून जमत नाहीये, खोटं कशाला सांगू, दुपारी देतातच.

एक विचारायचं होतं, सिरप सुरू केल्यापासून शी एकदम काळी होतेय आणि पुढच्या दातांवर काळसर डाग दिसतोय. बंद करू का?


सुईदोरा

नाही नाही, बंद करू नका. काळी शी लोहामुळेच, अपेक्षितच आहे. डांबरासारखी चिकट झाली किंवा रक्त दिसलं तरच दाखवा. दातांचा डाग वरवरचा असतो, ड्रॉपरने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूने मागे सोडा, वरून पाणी पाजा, ओल्या कापडाने दात पुसा, दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन निघतोही. दुधाबरोबर देऊ नका, दोन खाण्यांच्या मधे द्या, पोटात दुखतंय वाटलं तर थोडं खाऊन दिलं तरी चालेल. हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच थांबवायचं नाही, साठा भरायला अजून दोन-तीन महिने लागतात, डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद.

आणि बाटली ओट्यावर ठेवू नका. वरच्या कपाटात, कडी लावून. लोहाचं औषध गोड असतं आणि मुलाने एकदम बाटलीभर प्यायलं तर विषबाधा होते, चमचाभर दूध जास्त झाल्यासारखं नाही ते. प्यायलंय असा नुसता संशय आला तरी उलटी काढत बसू नका, बाटली हातात घेऊन थेट हॉस्पिटल.